विश्लेषण : जुन्या बुलेटचा ‘करंट’ कमी का पडतो? कॉइल बदलण्याआधी काय तपासावे?

चार महिने पावसाळ्यात झाकून ठेवलेली जुनी बुलेट खंडेनवमीला किंवा दसऱ्याला पुजेसाठी बाहेर निघते. टाकीत ताजे पेट्रोल भरले जाते, बॅटरी चार्ज होऊन येते, हार तयार असतो आणि किक मारली की इंजिन नुसते खोकते. वीस-पंचवीस किकनंतर पाय दुखायला लागतो. मेकॅनिक येतो, प्लग काढून इंजिनला टेकवतो, किक मारतो आणि निकाल देतो, ‘करंट कमी आहे, कॉइल गेली.’ नवी कॉइल बसते, गाडी सुरूही होते. आठवडाभराने सिग्नलवर गरम इंजिन बंद पडते ते पडतेच. मग दुसरी कॉइल, नवा प्लग, नवी बॅटरी अशी यादी वाढत जाते.

पॉइंट असलेल्या जुन्या मोटारसायकलींच्या बाबतीत हे चित्र नेहमीचे आहे. प्रत्यक्षात कमजोर ठिणगीच्या अनेक प्रकरणांत कॉइल निर्दोष असते. बॅटरीतून निघालेली वीज कॉइलपर्यंत पोहोचताना किंवा कॉइलमधून परत येताना वाटेत कुठेतरी गळते. ही गळती शोधण्यासाठी एक साधा मल्टिमीटर, एक फिलर गेज आणि सुमारे तासभराचा वेळ पुरतो. ठिणगी तयार कशी होते, ती कुठे अडते आणि कोणत्या क्रमाने तपासणी करावी, याचा हा आढावा.

नेमकी कोणती बुलेट?

१९५५ मध्ये ब्रिटनमधील रेडिचच्या रॉयल एन्फिल्डशी भागीदारी करून मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली. मूळ ब्रिटिश कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण भारतातील बुलेट मात्र जवळपास त्याच रचनेने पुढची अनेक दशके बनत राहिली. सुरुवातीच्या गाड्या ६ व्होल्टच्या, नंतरच्या १२ व्होल्टच्या. त्या सगळ्यांत ठिणगीची वेळ ठरवणारी वस्तू एकच, ती म्हणजे यांत्रिक कॉन्टॅक्ट ब्रेकर. गॅरेजच्या भाषेत ‘पॉइंट’. सिलिंडरच्या मागे, टायमिंग कव्हरच्या वर असलेल्या गोल डबीचे झाकण काढले की पॉइंट दिसतात. पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि पॉइंट इतिहासजमा झाले. या लेखातील तपासणी पॉइंटवाल्या बुलेटसाठी आहे. जावा, येझदी आणि बॅटरी-कॉइलवर चालणाऱ्या इतर जुन्या गाड्यांनाही ती तत्त्वतः लागू पडते.

ठिणगी तयार कशी होते?

बॅटरीत १२ व्होल्ट असतात. प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडून ठिणगी पडायची तर हजारो व्होल्ट लागतात. ही उडी कॉइल घडवते. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची.

पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीची वीज चावी, वायरिंग आणि पहिल्या गुंडाळीतून वाहत पॉइंटमार्गे इंजिनच्या बॉडीत उतरते. गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. कॅम फिरून पॉइंट उघडतो, वाट तुटते आणि ते क्षेत्र क्षणात कोसळते. मायकल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितका व्होल्टेज जास्त. पहिल्या गुंडाळीत दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि वेढ्यांच्या गुणोत्तरामुळे दुसऱ्या गुंडाळीत ते कित्येक हजारांवर जातात. अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅटरीवर चालणारी ही पद्धत मोटारींसाठी रुळवली. म्हणून तिला आजही केटरिंग इग्निशन म्हणतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. त्यामुळे चांगल्या ठिणगीसाठी दोन अटी आहेत. पॉइंट मिटलेला असताना पुरेशी वीज वाहिली पाहिजे आणि उघडताना ती एकदम तुटली पाहिजे. कमजोर ठिणगीचे जवळपास प्रत्येक कारण या दोनपैकी एका अटीत बसते.

बाहेर ठिणगी दिसते, तरी इंजिन का पेटत नाही?

प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवला आणि ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ असे समजले जाते. ही चाचणी फसवी आहे. बाहेर प्लगभोवती साधी हवा असते. सिलिंडरमध्ये तीच फट कित्येक पट दाबाखाली असते आणि दाबलेली हवा ओलांडायला अधिक व्होल्टेज लागतो. त्यामुळे बाहेर कशीबशी पडणारी ठिणगी आत विझते.

म्हणून चाचणी थोडी कठीण करावी लागते. बाजारात मिळणारा स्पार्क टेस्टर घेऊन त्याची फट ५ ते ६ मिलिमीटर ठेवावी. उघड्या हवेत एवढी फट ठिणगीने सलग, दर वेळी ओलांडली आणि ‘चट्’ असा स्पष्ट आवाज आला, तर इग्निशनची तब्येत बरी आहे. ठिणगी २-३ मिलिमीटरवरच अडत असेल किंवा एक पडते, दोन चुकतात असे होत असेल तर दोष आहे. निळसर-पांढरी ठिणगी चांगली आणि पिवळी-तांबडी कमजोर हा गॅरेजमधील ठोकताळा ढोबळमानाने बरोबर आहे. मात्र भर उन्हात रंग नीट कळत नाही. सावलीत पाहावे आणि रंगापेक्षा फटीवर भरवसा ठेवावा.

चाचणी करताना दोन पथ्ये पाळायलाच हवीत. प्लग काढलेल्या भोकातून किकसरशी पेट्रोलची वाफ बाहेर येते. त्यामुळे टेस्टर भोकापासून लांब धरावा, पेट्रोलचा कॉक बंद ठेवावा आणि भोकावर फडके टाकावे. दुसरे म्हणजे प्लग किंवा टेस्टर बॉडीला टेकवल्याशिवाय किक मारू नये. उच्च दाबाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो कॉइलचे आतले इन्सुलेशन भेदतो आणि चांगली कॉइल खरोखरच जाते. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी ही चाचणी स्वतः करू नये.

अॅमीटर काय सांगतो?

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरच्या टोपणात स्पीडोमीटरच्या शेजारी छोटा गोल अॅमीटर असतो. तो केवळ शोभेचा नाही. जुने बुलेटस्वार डीकॉम्प्रेसरचा लिव्हर दाबून किक हळूहळू खाली नेत, काटा मध्यावर आला की थांबत आणि मगच पूर्ण किक मारत. काट्याची ती हालचाल म्हणजे पॉइंटची उघडझाप होती.

निदानासाठी हाच काटा वापरता येतो. दिवे बंद ठेवून चावी सुरू करावी आणि किक हाताने अगदी सावकाश दाबावी. पॉइंट मिटले की काटा उणे बाजूला झुकला पाहिजे. १२ व्होल्टच्या गाडीत हा झुकाव साधारण ३ ते ४ अँपिअरचा असतो. पॉइंट उघडले की काटा शून्यावर परतला पाहिजे.

काटा हललाच नाही तर वीज कॉइलपर्यंत पोहोचत नाही किंवा पॉइंट मिटूनही जोडले जात नाहीत. काटा उणे बाजूलाच अडकून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर आतून शॉर्ट आहे किंवा पॉइंटकडे जाणारी वायर बॉडीला टेकते आहे. काटा हलतो पण जेमतेम दीड-दोन अँपिअरवर थांबतो, तर वाटेत कुठेतरी प्रतिरोध वाढला आहे. कमजोर ठिणगीचे दुखणे बहुतेकदा या तिसऱ्या गटातले असते. एकही नट न खोलता एवढी माहिती मिळते.

चाचणी संपताच चावी बंद करायला विसरू नये. पॉइंट मिटलेल्या स्थितीत चावी सुरू राहिली तर कॉइलमधून सतत वीज वाहते, कॉइल तापते आणि बॅटरी उतरते. रात्रभर चावी सुरू राहिल्याने गेलेल्या कॉइलींची संख्या कमी नसावी.

एक ओहमने एवढा फरक पडतो?

पडतो आणि तो गणिताने दाखवता येतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा वाहणाऱ्या विजेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, १२ व्होल्टच्या कॉइलच्या पहिल्या गुंडाळीचा प्रतिरोध साडेतीन ओहम आहे. तिच्यातून सुमारे ३.४ अँपिअर वाहतात. आता चावीचा गंजलेला कॉन्टॅक्ट, सैल थिंबल आणि काळवंडलेले पॉइंट यांनी मिळून अवघ्या एका ओहमची भर घातली. वीज २.७ अँपिअरवर येते. घट दिसायला २० टक्क्यांच्या आसपास आहे, पण ऊर्जेतील घट जवळपास ४० टक्के होते.

६ व्होल्टच्या गाडीत परिस्थिती आणखी नाजूक असते. तिथे कॉइलचाच प्रतिरोध दीड ओहमच्या आसपास असतो. त्यात अर्धा ओहम वाढला तर वीज ४ वरून ३ अँपिअरवर येते आणि ऊर्जा ४४ टक्क्यांनी घटते. ‘६ व्होल्टच्या गाड्या मुळातच कमजोर’ हा समज यातूनच पसरला आहे. वायरिंग स्वच्छ असेल तर त्या गाड्याही एका-दोन किकमध्ये सुरू होतात.

व्होल्ट कुठे हरवतात?

बॅटरीपासून सुरुवात करावी. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. ६ व्होल्टची ६.३ च्या आसपास. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग, बाकी सगळे नंतर.

यानंतरची चाचणी ‘व्होल्टेज ड्रॉप’ची. ती वीज वाहत असतानाच करायची असते, म्हणजे चावी सुरू आणि पॉइंट मिटलेले. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून तीन ठिकाणी मोजावे.

पहिले, बॅटरीचे धन टोक आणि कॉइलचे आवक टोक यांच्यामध्ये. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर फ्यूज, चावी किंवा मधली जोडणी दोषी. दुसरे, पॉइंटचा हलता हात आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये. पॉइंट मिटलेले असल्याने इथे जवळपास शून्य हवे; ०.२ व्होल्टच्या वर गेले तर पॉइंट घाण आहेत. तिसरे, इंजिनची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये. इथेही ०.२ पेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. तिथे टोके उलटी धरावीत, तर्क तोच राहतो.

अर्थिंगचा दोष सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. गाडी नव्याने रंगवून आणली की चासीवर पावडर कोटिंगचा जाड थर चढतो. अर्थ वायरचा बोल्ट त्या रंगावरच कसला जातो आणि रंग विजेला वाट देत नाही. लाखभर खर्चून चकचकीत केलेली गाडी घरी आल्यावर सुरू होत नाही, त्यामागे अनेकदा रुपयाएवढ्या जागेवरचा रंग असतो. बोल्टखालचा तेवढा रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला की काम होते.

पॉइंट चांगले दिसतात, तरी दोषी कसे?

पॉइंटची टोके टंगस्टनची असतात. हा धातू कठीण असतो, झीज सोसतो. पण दमट हवेत उभा राहिला की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. त्यातच कॅमला लावलेले ग्रीस किंवा इंजिनातून झिरपलेले ऑइल टोकांवर येते. डोळ्यांना पॉइंट स्वच्छ दिसतात, मीटरला दिसत नाहीत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास होते.

उपाय सोपा आहे. बारीक पॉलिश पेपरची घडी टोकांमध्ये धरून हलकेच दोन-चार वेळा ओढावी. नंतर स्वच्छ कोरा कागद ओढून भुकटी काढावी. हा शेवटचा टप्पा टाळला तर अडकलेला कण पॉइंट मिटूच देत नाही. टोकावर उंचवटा आणि समोर खड्डा पडला असेल तर घासत बसण्यापेक्षा नवा सेट घालावा.

मग फट. बुलेटच्या पॉइंटची फट पूर्ण उघडलेल्या स्थितीत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. फिलर गेज पान हलके अडकत सरकले पाहिजे. फट कमी राहिली तर उघडताना टोकांमध्येच ठिणगी रेंगाळते, वीज एकदम तुटत नाही आणि टायमिंग मागे पडते. फट जास्त झाली तर पॉइंट मिटलेला राहण्याचा काळ घटतो, कॉइल पुरेशी भरत नाही आणि वेग वाढला की गाडी मिसिंग मारते. बुलेटचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असते तेव्हा पॉइंट सेकंदाला २५ वेळा उघडतात. कॉइल भरायला मिळणारा वेळ तेव्हा मिलिसेकंदांत मोजावा लागतो.

कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजत जाते तशी फट आपोआप कमी होते. म्हणून ती अधूनमधून तपासावी लागते. क्रमही महत्त्वाचा आहे. फट बदलली की टायमिंग बदलते, त्यामुळे आधी फट लावावी आणि मग टायमिंग. रस्त्यात गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्डावर फट लावून घर गाठणारे अनेक जण आहेत. तात्पुरते ते चालते.

कंडेन्सरचे काम काय?

पॉइंट उघडू लागताच पहिल्या गुंडाळीतली वीज थांबायला तयार नसते. ती फट ओलांडून उडी मारू पाहते. कंडेन्सर तिला क्षणभर दुसरी जागा देतो. त्यामुळे पॉइंटवर ठिणगी पडत नाही आणि चुंबकीय क्षेत्र झपाट्याने कोसळते. कंडेन्सर निकामी असेल तर ऊर्जा पॉइंटवरच जळते आणि प्लगपर्यंत पोहोचते ती पिवळी, अशक्त ठिणगी.

लक्षणे ओळखता येतात. अंधारात पॉइंटचे झाकण काढून किक मारली असता टोकांवर मोठी निळी-पांढरी ठिणगी दिसते. नवे पॉइंट काही दिवसांत काळे पडतात. गाडी थंड असताना सुरू होते, पाच-दहा किलोमीटरनंतर बंद पडते आणि अर्धा तास थांबले की पुन्हा सुरू होते. कंडेन्सरचे इन्सुलेशन तापल्यावर गळू लागल्याची ही खूण असू शकते.

अशा गाड्यांच्या कंडेन्सरची क्षमता साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. मल्टिमीटर ती मोजू शकतो, पण तापलेल्या अवस्थेत शेकडो व्होल्टखाली कंडेन्सर टिकतो का, हे सांगू शकत नाही. म्हणून खात्रीचा कंडेन्सर लावून पाहणे हीच खरी परीक्षा. चालू गाडीतून काढलेला चांगला कंडेन्सर हाताशी ठेवणारे मेकॅनिक याच कारणाने निदानात चुकत नाहीत. ‘जुना स्टॉक’ म्हणून मिळणारा, वर्षानुवर्षे दुकानात पडून असलेला भाग दिसायला अस्सल असला तरी आतून जुना झालेला असू शकतो.

मग कॉइल दोषी कधी?

एवढे सगळे तपासून झाल्यावरच कॉइलची पाळी येते. दोन्ही वायरी सोडवून पहिल्या गुंडाळीचा प्रतिरोध मोजावा. १२ व्होल्टच्या कॉइलसाठी तो ढोबळमानाने ३ ते ५ ओहम, ६ व्होल्टसाठी १ ते २ ओहम असतो. दुसऱ्या गुंडाळीचा काही हजार ओहमांत येतो. मीटरने अनंत दाखवले तर तार आतून तुटली आहे. थंड कॉइल बरोबर आणि गरम कॉइल चुकीची असेही होते. त्यामुळे गाडी बंद पडल्या पडल्या, कॉइल गरम असतानाच पुन्हा मोजावे.

खरी फसगत चुकीच्या कॉइलने होते. ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टची करताना कॉइल जुनीच राहते. दीड ओहमच्या कॉइलला १२ व्होल्ट मिळाले की ८ अँपिअर वाहतात. पॉइंट जळतात, कॉइल तापते. उलट ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टची कॉइल लावली तर वीज निम्मीच वाहते आणि ठिणगी जन्मतःच कमजोर राहते. तिसरा प्रकार सीडीआय गाड्यांच्या कॉइलचा. ती दिसायला सारखीच असते, भोकेही जुळतात. मात्र तिच्या पहिल्या गुंडाळीचा प्रतिरोध एका ओहमपेक्षाही कमी असतो. ती पॉइंटसाठी बनलेलीच नसते. दुकानात कॉइल घेताना मल्टिमीटर सोबत नेला तर हे तिन्ही घोटाळे काउंटरवरच टळतात.

प्लग आणि टोपीचे काय?

सर्वांत स्वस्त संशयित हेच. प्लगची टोपी जाड वायरीवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. तिथली टोके हिरवी पडतात. वायरीचे टोक पाच-सहा मिलिमीटर कापून टोपी पुन्हा घट्ट बसवली की अनेकदा फरक जाणवतो. टोपीत प्रतिरोधक असेल तर तो साधारण ५ हजार ओहम असतो. मीटर त्याहून खूप जास्त दाखवत असेल तर टोपी बदलावी. अंधारात इंजिन चालू करून पाहिले असता वायरीवर निळसर ठिणग्या रांगताना दिसल्या तर इन्सुलेशन फाटले आहे.

काजळी धरलेला प्लगही विजेला चोरवाट देतो. मात्र प्लग ओला आणि काळा होण्याचे कारण जास्त पेट्रोलही असू शकते. त्यामुळे चाचणी नेहमी योग्य क्रमांकाच्या नव्या प्लगने करावी. फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. ठिणगी ठणठणीत असूनही गाडी सुरू होत नसेल तर कार्ब्युरेटर आणि टायमिंगकडे वळावे. इग्निशनचे भाग बदलत राहू नये.

बॅटरी नसलेल्या गाड्यांत वेगळे काय?

आकुर्डीत बनलेल्या बजाजच्या जुन्या पॉइंटवाल्या स्कूटरांत इग्निशनसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधील चुंबक फिरून वीज तयार करतो. तिथे पॉइंट आणि कंडेन्सरची तपासणी तीच, फक्त व्होल्टेज ड्रॉपऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात. इंजिन बंद करणाऱ्या स्विचची वायर सोडवून चाचणी घ्यावी. तिचे इन्सुलेशन बॉडीला घासत असेल तर ठिणगी तिथेच जिरते. आणि चुंबकाची शक्ती पाहावी. ती कालांतराने घटली असेल तर जोरात किक मारल्याशिवाय ठिणगी येत नाही. दोन्ही ठीक असतील तर फ्लायव्हील काढून त्याखालचे पॉइंट गाठावे.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट लावावे का?

बाजारात पॉइंटऐवजी चुंबकीय सेन्सर बसवणारी किट मिळतात. झीज नाही, फट लावणे नाही, टायमिंग स्थिर राहते. रोजच्या वापरासाठी हा पर्याय सोयीचा आहे. पण किटलाही तीच बॅटरी, तीच चावी आणि तेच अर्थिंग वापरावे लागते. वायरिंगमधील गळती तशीच ठेवून किट लावले तर दोष झाकला जातो किंवा किटच बंद पडते. आणि घाटात बंद पडलेले किट पॉलिश पेपरने सुरू होत नाही. किट लावणारे जाणकार म्हणूनच जुनी पॉइंट प्लेट डिकीत जपून ठेवतात.

अस्सलपणाचाही प्रश्न आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी ते आहेत. अशा वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार, तर नूतनीकरणाचे ५ हजार रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षांची असते. ही वाहने रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. या वाटेने जाऊ पाहणारे मालक गाडीतला कोणताही मूळ भाग काढताना दहादा विचार करतात.

दुरुस्ती टाळली तर काय बिघडते?

कमजोर ठिणगीची गाडी अनेक जण ‘जुनी आहे, चालायचेच’ म्हणून चालवत राहतात. तिची किंमत मोजावी लागते. ठिणगी चुकली की त्या फेऱ्यातले पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडते. मायलेज घटते, सायलेन्सरमध्ये बार उडतात आणि धुरातील हायड्रोकार्बनचे प्रमाण वाढते. पीयूसी चाचणीत दुचाकीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हेच मोजले जातात. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना अनुक्रमे ४.५ टक्के आणि ९,००० पीपीएम अशी सैल मर्यादा आहे. मिसिंग मारणाऱ्या गाडीला तीही जड जाऊ शकते.

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तपासणीच्या दिवशी आवारात सुरूच न होणारी गाडी ढकलत घरी आणावी लागते. त्यानंतर अनेक घरांत ती जिन्याखाली जाते आणि काही वर्षांनी भंगारात. वडिलांनी किंवा आजोबांनी चालवलेली गाडी अशी जाते तेव्हा कारण कदाचित एक सैल थिंबल असते.

तपासणीचा क्रम थोडक्यात

आधी बॅटरी. मग अॅमीटरचा काटा. मग तीन ठिकाणचा व्होल्टेज ड्रॉप. त्यानंतर प्लग, टोपी आणि वायर. मग पॉइंटची स्वच्छता आणि फट. मग कंडेन्सर बदलून चाचणी. आणि सर्वांत शेवटी कॉइल, तीही थंड आणि गरम अशी दोनदा मोजून.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर ५-६ मिलिमीटरच्या फटीवर ठिणगी पाहावी. चार भाग एकदम बदलले तर गाडी सुरू होईल, पण दोष कशात होता हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल. मोजलेले आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवले तर पुढच्या दसऱ्याला मेकॅनिकने ‘कॉइल गेली’ म्हटल्यावर त्याला दाखवायला काहीतरी हातात असते.